वेतोबाच्या वहाणा खरंच झिजतात का?

आरवलीच्या वेतोबाच्या देवळात पहिल्यांदा गेलेला माणूस देवापुढच्या वहाणांपाशी थबकतो. जाड चामड्याच्या, कुठल्याही माणसाच्या पायात बसणार नाहीत एवढ्या मोठ्या. नवस फेडायला कुणी केळ्यांचा घड आणतं, कुणी वहाणांचा जोड. वेतोबा रात्री गावाच्या शिवेवरून फेरी मारतो, राखण करतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी आमच्या वेंगुर्ल्याकडची श्रद्धा. मी सहा-सात वर्षांचा असताना आजीने मला तिथे नेलं होतं. एका जुन्या जोडाकडे बोट दाखवून ती हळूच म्हणाली, "टाच बघ कशी झिजली हा." त्या रात्री अंगणापलीकडे पाचोळा वाजला तेव्हा मला भीती वाटली नाही. उलट धीर आला. कुणीतरी जागं होतं.

मी दर रविवारी गावातल्या वाचनालयात मुलांना गोष्टी सांगतो. गेल्या मे महिन्यात ही गोष्ट सांगून झाली आणि दहा वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "काका, पण हे खरं आहे का?" मी "श्रद्धा असते बाळा" एवढंच बोललो आणि पुढच्या गोष्टीकडे वळलो. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला उत्तर मिळालेलं नाही. खरं तर मोठी माणसंही हेच विचारतात, फक्त जरा आडून. पुराणातलं खरं किती? सगळ्या जगात सारख्याच गोष्टी कशा? आपल्या पूर्वजांना विज्ञान कळत होतं का? या प्रश्नांची उत्तरं मला जेवढी कळली आहेत तेवढी साध्या शब्दांत मांडतो.

सगळ्या गोष्टी एका जातीच्या नसतात

"खरं आहे का" याचं उत्तर देण्याआधी समोरची गोष्ट कोणत्या जातीची आहे ते बघावं लागतं. हा फरक आपल्या भाषेत आधीपासून आहे. "आटपाट नगर होतं" म्हटलं की लहान मूलसुद्धा समजतं, हे नगर नकाशावर शोधायचं नाही. श्रावणातली कहाणीही याच शब्दांनी सुरू होते, पण तिथे ऐकणाऱ्याच्या मुठीत अक्षता असतात आणि "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" म्हणेपर्यंत मूठ उघडायची नसते. सुरुवात एकच, पण एक गोष्ट ऐकून सोडून द्यायची आणि दुसरी पाळायची.

आख्यायिकेचं तसं नाही. तिला ठिकाण लागतं, माणूस लागतो. देवगडजवळच्या कुणकेश्वराची आख्यायिका घ्या. परदेशी व्यापाऱ्याचं गलबत वादळात सापडलं, काळोखात त्याला किनाऱ्यावर एक दिवा मिणमिणताना दिसला, त्याने त्या दिव्याला हात जोडले, तो वाचला आणि त्याने देऊळ बांधलं, असं सांगतात. ते देऊळ तुम्ही आज पाहू शकता, त्याच्या पायाशी तीच लाट फुटते. कथेतला प्रसंग तपासता येत नाही, पण कथा ज्या दगडाला बांधलेली आहे तो दगड समोर असतो. पुराणकथा याहून वेगळी. ती सांगते जग कसं झालं, मरण कुठून आलं, समुद्र खारा का, ही जमीन आपल्याला कुणी दिली. अभ्यासक अशा कथेला मिथक म्हणतात. हल्ली आरोग्याच्या जाहिरातींत "मिथक आणि सत्य" असे दोन रकाने छापतात आणि मिथक म्हणजे गैरसमज असा अर्थ रुजत चालला आहे. मला याचं वाईट वाटतं. एक चांगला शब्द आपण हातचा घालवतो आहोत.

गोष्टींच्या या जाती फक्त आपल्याकडेच आहेत असंही नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. तिथल्या लोकांकडे तीन वेगळे शब्द होते. करमणुकीच्या गोष्टी म्हणजे 'कुक्वानेबू', घडून गेलेल्या म्हणून सांगायच्या त्या 'लिब्वोग्वो' आणि पवित्र कथा म्हणजे 'लिलिउ'. कुक्वानेबू सांगायचा हंगामसुद्धा ठरलेला होता, पिकांची लावणी उरकून मासेमारी अजून सुरू व्हायची असते तेव्हा. आमच्याकडे भात कापून झाल्यावर जत्रा आणि दशावतार सुरू होतात. हाताला उसंत मिळाली की गोष्टीला तोंड फुटतं.

मालिनोव्स्कीचं एक म्हणणं मला फार उपयोगाचं वाटतं. पवित्र कथा जगाचं स्पष्टीकरण द्यायला जन्मत नाही. ती सनदेसारखी असते. ही जमीन अमक्यांची का, हा मान तमक्यांचा का, हे ती ठरवून देते. गावऱ्हाटीत, म्हणजे देवस्थानाच्या मानपानांनी बांधलेल्या गावच्या रीतीत, वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पालखीला पहिला खांदा कुणाचा, देवापुढे गाऱ्हाणं कुणी घालायचं, यामागे प्रत्येक गावात एक कथा असते आणि त्या कथेवरून कोर्टकचेऱ्याही झालेल्या असतात.

चकवा

आता आमच्या भागातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. चकवा असतो का?

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. रात्री रानातून किंवा सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून, एकटा जाणारा माणूस ओळखीच्या वाटेवर हरवतो, चालत राहतो आणि पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येतो. याला चकवा लागणं म्हणतात. माझ्या वडिलांना तो लागला होता. मार्गशीर्षातली अवस होती, शेजारच्या गावची जत्रा होती. घरी धाकट्या भावाला ताप, म्हणून ते दशावताराचा खेळ अर्ध्यावर सोडून निघाले. हातात बॅटरी होती, ती सड्यावर चढता चढताच विझली. पंधरा मिनिटांची वाट. बराच वेळ चालल्यावर पायाखाली चिऱ्यांचा चुरा लागला, म्हणजे चिरेखाण आली. ते वळले, चालले, आणि पुन्हा चिऱ्यांचा चुरा. तिसऱ्यांदा तोच चुरा पायाला लागला तेव्हा त्यांना आजोबांचं सांगणं आठवलं, "चकवो लागलो तर बसान रवाचा, चलाचा नाय." ते तिथेच धोतराचा सोगा डोक्यावरून घेऊन उकिडवे बसले. उजाडलं तेव्हा आमच्या घराची कौलं त्यांना समोर दिसत होती, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. आणि दवाने भिजलेल्या गवतात त्यांच्याच पावलांनी पडलेलं एक मोठं कडं होतं. खाणीचा काठ त्या रिंगणापासून चार पावलांवर होता.

2009 साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी, यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एक साधा प्रयोग केला. माणसांच्या अंगावर जीपीएस लावलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. काहींना जर्मनीतल्या सपाट जंगलात सोडलं, काहींना ट्युनिशियाच्या वाळवंटात. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून आलं, चंद्र ढगाआड गेला, की ती वळू लागली आणि आपल्याच वाटेवर परत आली. आपण सरळच चाललो आहोत असं त्यांना वाटत होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून मोकळ्या मैदानात चालायला लावलं तेव्हा तर काही जण 20 मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरत राहिले. बाहेरची खूण नसेल तर शरीराचा दिशेचा अंदाज थोडा थोडा ढळत जातो, आणि थोडा थोडा ढळण्याचं शेवटी वर्तुळ होतं.

म्हणजे चकवा लागणं शंभर टक्के खरं. वडील खोटं बोलत नव्हते, भ्यालेही नव्हते. कुणीतरी खेळवतंय ही त्या अनुभवाची समजूत झाली, आणि अनुभव मात्र कुणालाही, कुठेही येऊ शकतो. आयर्लंडच्या खेड्यांत सांगतात की कुरणात एखादा ढेकळाचा तुकडा असा असतो की त्यावर पाय पडला तर स्वतःच्या शेतातून बाहेर पडायची वाट सापडत नाही. रशियात लेशी नावाचा रानाचा राखणदार वाटसरूला गोल गोल फिरवतो. दोन्हीकडचा उतारा एकच, अंगातले कपडे काढून उलटे घालायचे. रशियात तर जोडेही डाव्याचे उजव्या पायात.

आमच्याकडे बसायचं, त्यांच्याकडे कपडे उलटे करायचे. मला यात एकच शहाणपण दिसतं. घाबरलेला माणूस भराभर चालतो, आणि सड्यावर रात्री भराभर चालणं म्हणजे चिरेखाणीत पडणं. उतारा कुठलाही असो, तो आधी त्याला थांबवतो. "दिशा चुकली असेल, थांब" असं सांगितलेलं तरुण पोराला पटत नाही, कारण आपली दिशा चुकली हे कुणालाच पटत नाही. "चकवा लागलाय, बस" म्हटलं की तो बसतो, त्यात त्याचा कमीपणा नसतो.

मग पुराणात सगळं विज्ञानच आहे का?

नाही. चकव्याचं उदाहरण दिलं की लगेच कुणीतरी म्हणतं, बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. सगळं थोतांड म्हणणारे आणि सगळं विज्ञान म्हणणारे, दोघेही गोष्ट नीट ऐकत नाहीत असं माझं मत आहे. आपल्याच जन्मकथेवरून सांगतो.

परशुरामाने सगळी पृथ्वी जिंकून कश्यपाला दान दिली. दिलेल्या जमिनीवर राहता येईना, म्हणून त्याने सागराकडे जागा मागितली आणि समुद्र हटला. तेच कोकण. महाभारताच्या शांतिपर्वात सागराने त्याच्यासाठी शूर्पारक देश निर्माण केला असं म्हटलं आहे. शूर्पारक म्हणजे आजचं नालासोपारा. स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंडात ही कथा विस्ताराने येते. गोव्यात त्याने बाण मारला म्हणतात आणि बाणावली गावाचं नाव त्याच्याशी जोडतात. केरळात तो परशू फेकतो आणि गोकर्णापासून कन्याकुमारीपर्यंतची जमीन वर येते. चिपळूणजवळ परशुराम गावात त्याचं देऊळ आहे.

आता भूगर्भशास्त्र काय म्हणतं? कोकणच्या बऱ्याच भागाचा पायाच लाव्हारसाच्या दगडाचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींतून वाहून थिजलेला. आपला जांभा हा बराचसा त्याच दगडाचा ऊन-पावसात कुजून झालेला वरचा थर. तेव्हा माणूस नव्हताच, तर ते पाहून कुणी कथा रचली असणं शक्य नाही. समुद्राचं म्हणाल, तर गेल्या हिमयुगात, सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, पाणी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होतं आणि किनारा खूप पश्चिमेला होता. बर्फ वितळला तसं पाणी चढत गेलं, आणि साधारण 7,000 वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास आलं. म्हणजे इथल्या माणसाने समुद्र हटताना कमी आणि चढताना जास्त पाहिला. परशुरामकथेत हिमयुगाची आठवण आहे असं ठासून सांगणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की दिशा उलटी आहे.

तरी ही कथा किनाऱ्याला चपखल बसते, आणि त्याचं कारण डोळ्यांसमोर आहे. एका बाजूला उभा सह्याद्री, दुसऱ्या बाजूला पाणी, मधे ही चिंचोळी पट्टी. कुणीतरी ओढून बाहेर काढल्यासारखीच दिसते ती. आणि समुद्राकडून जमीन मागून घेणं इथल्या माणसांनी हातांनी केलं आहे. अलिबाग-पेणचं खारेपाट बघा, किंवा गोव्याकडची खाजणं. मातीचे बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढायचं आणि तिथे भात पिकवायचं. बांधाला भगदाड पडलं की एका उधाणात शेत पुन्हा समुद्राचं. असं जगणाऱ्या माणसाला "समुद्राने जमीन दिली" हे वाक्य रूपक वाटत नाही. त्यात "दिली आहे, परत घेऊ शकतो" हेही येतं.

आणखी एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही, पण विचारायला हवा. ही कथा सांगतो कोण? समुद्रातून नवी जमीन निघाली आणि ती अमक्यांना मिळाली असं म्हटलं की तिथे आधीपासून कुणी राहत नव्हतं असंही आपोआप म्हटलं जातं. मासे मारणारी, रानात राहणारी माणसं या किनाऱ्यावर फार पूर्वीपासून आहेत. सनद वाचताना ती कुणाच्या नावाची आहे तेवढं बघायचंच असतं.

जगभर सारख्याच गोष्टी कशा?

मुंगसाची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. बाळाला राखायला ठेवलेलं मुंगूस सापाला मारतं, रक्ताने माखलेल्या तोंडाने आईसमोर येतं, तिला वाटतं याने बाळच खाल्लं, ती हातातली घागर त्याच्यावर टाकते. पंचतंत्रात ती 'अपरीक्षितकारक' या शेवटच्या तंत्रात आहे.

इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये बेडगेलर्ट गावात गेलर्ट नावाच्या कुत्र्याची कबर दाखवतात. राजा ल्यूएलिनचा हा कुत्रा. बाळाचा पाळणा उलटा, कुत्र्याचं तोंड रक्ताने भरलेलं, राजाने तलवार खुपसली आणि मग पाळण्याखाली बाळ हसताना दिसलं, बाजूला मेलेला लांडगा. फ्रान्समध्ये लिऑनजवळ 13व्या शतकात एतिएन द बूर्बों या धर्मोपदेशकाला आढळलं की खेड्यातल्या बाया आजारी मुलं घेऊन गीनफोर नावाच्या संताला नवस बोलायला जातात. चौकशी केली तर हा संत एक शिकारी कुत्रा निघाला, बाळाला सापापासून वाचवून मालकाच्या हातून मेलेला. चर्चने ती पूजा मोडायचा प्रयत्न केला, पण ती पुढे कित्येक शतकं टिकली.

ही गोष्ट भारतातून पश्चिमेकडे गेली असं अभ्यासक मानतात. पंचतंत्र 6व्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेलं, 8व्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत 'कलिला व दिमना' म्हणून आणलं, तिथून ते हिब्रू-लॅटिनमार्गे युरोपभर पसरलं. पण पुस्तकांच्या आधी आणि पुस्तकांच्या बरोबरीने गोष्टी तोंडातोंडीही प्रवास करतात. सोपारा, चौल, दाभोळ ही आपली बंदरं शतकानुशतकं अरबस्तानाशी आणि आफ्रिकेशी बोलत होती. वारा फिरेपर्यंत खलाशांना महिनोन्‌महिने बंदरात थांबावं लागे, आणि थांबलेला खलाशी गोष्टी सांगतो. वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला, कारण तिकडच्या घरात मुंगूस नव्हतं. सापाचा लांडगा झाला. मारणाऱ्याचा पश्चात्ताप मात्र कुणी बदलला नाही. गोष्टीत काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे पाहणं मला स्वतःला फार आवडतं.

सारखेपणाचं दुसरं कारण चकव्यात पाहिलं. शरीर एक, म्हणून अनुभव एक. दोन्ही कारणं वेगळी आहेत आणि प्रत्येक वेळी कुठलं लागू होतं ते तपासावं लागतं. महापुराच्या कथा घ्या. मनूची कथा शतपथ ब्राह्मणात आहे. हात धुताना ओंजळीत आलेला छोटा मासा म्हणतो, मला वाचव, मी तुला वाचवीन. मनू त्याला आधी मडक्यात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात, आणि पूर येतो तेव्हा तोच मासा मनूची नाव ओढून नेतो. बायबलमध्ये नोहा आहे, ग्रीकांकडे ड्यूकॅलियन. 1872 साली जॉर्ज स्मिथने ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या विटेवर कोरलेली मेसोपोटेमियाची पूरकथा वाचली, तेव्हा लोकांना कळलं की नोहाच्या कथेचा सांगाडा त्याहून जुना आहे. ते देश एकमेकांचे शेजारी, तिथे कथा हातोहात गेली हे उघड आहे. पण म्हणून जगातला प्रत्येक पूर एकच होता असं ठरत नाही. सगळी शेती नदीकाठी, तर पूर सगळ्यांच्याच वाट्याला येणार.

आणि कारणं किती वेगळी आहेत ते बघा. नोहाच्या वेळी देव माणसाच्या पापाला शिक्षा करतो. मेसोपोटेमियाच्या एका कथेत माणसांची संख्या वाढून एवढा गोंगाट होतो की एनलिल देवाची झोप मोडते, म्हणून तो पूर आणतो. मनूच्या त्या जुन्या कथेत कुणाचं पाप सांगितलेलंच नाही. पूर येतो, बस. तिथे सगळा भर माशाशी केलेल्या कराराचा. किनाऱ्यावरच्या माणसाला ही कथा जवळची वाटली तर नवल नाही.

जलपरीबद्दल मुलं फार विचारतात, तिचं थोडक्यात सांगतो. ग्रीकांच्या सायरन मुळात पक्ष्याच्या अंगाच्या होत्या, माशाची शेपूट त्यांना नंतर लागली. कोलंबसाने जानेवारी 1493 मध्ये तीन जलपऱ्या पाहिल्याची नोंद आहे आणि त्या चित्रात दाखवतात तेवढ्या सुंदर नसल्याचीही. ते बहुधा मॅनाटी असावेत, श्वासासाठी पाण्यावर तोंड काढणारे गवतखाऊ प्राणी.

गोष्टीने जीव वाचतो का?

वाचतो, आणि याचे आकडे आहेत.

इंडोनेशियात सुमात्राजवळ सिमुलु नावाचं बेट आहे. 1907 साली तिथे त्सुनामीने फार माणसं मेली. वाचलेल्यांनी त्या लाटेला नाव दिलं 'स्मोंग' आणि तिची गोष्ट केली, गाणं केलं. मुलांना झोपवताना सांगितलं जायचं, जमीन जोरात हलली आणि मागोमाग समुद्र आत गेला तर काही घ्यायला थांबू नका, डोंगरावर पळा. जवळजवळ 100 वर्षं ही गोष्ट आजीकडून नातवाकडे येत राहिली. 26 डिसेंबर 2004 ला जमीन हलली, तेव्हा सिमुलु भूकंपाच्या केंद्राला अगदी जवळ होतं. लोक "स्मोंग, स्मोंग" ओरडत टेकड्यांवर धावले. सुमारे 78,000 वस्तीच्या त्या बेटावर 7 माणसं गेली. समोरच्या आचे किनाऱ्यावर लाखाहून जास्त.

थायलंडच्या सुरिन बेटांवरच्या मोकेन या समुद्रावर जगणाऱ्या लोकांनाही म्हाताऱ्यांनी 'लाबून' या माणूसखाऊ लाटेची गोष्ट सांगितली होती. पाणी ओसरलं तसे तेही वर पळाले.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे आदिवासी एका रात्री गरुडासारखा महापक्षी आणि देवमासा यांची झुंज झाली, जमीन हादरली, समुद्र आत शिरला, असं सांगत आले. तिथे किनाऱ्यावर एकाएकी खाऱ्या पाण्यात बुडून मेलेली जंगलं सापडली, आणि पलीकडे जपानच्या दप्तरांत भूकंप न होता आलेल्या एका लाटेची नोंद. दोन्ही जुळवून तारीख निघाली, 26 जानेवारी 1700.

हे वाचताना मला आपल्या किनाऱ्याची काळजी वाटते. नोव्हेंबर 1945 मध्ये मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि त्याची लाट मुंबईपर्यंत पोचली. आमच्या घरात, शेजारीपाजारी, कुणाच्याही गोष्टीत ती लाट नाही. वेतोबाची गोष्ट आहे, चकव्याची आहे, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन त्याला शांत हो म्हणायची रीत आहे. पण पाणी मागे गेलं तर मासे वेचायला थांबू नकोस, हे सांगणारं अंगाईगीत माझ्या मुलांनी ऐकलेलं नाही, कारण मी ते ऐकलं नव्हतं.

कुठली आवृत्ती खरी?

ज्याने सांगितली त्याची, त्या रात्रीपुरती. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. रंगपटात आख्यान ठरतं, पात्रं ठरतात, बोलायचं ते रंगमंचावर सुचतं. तोच संकासुर एका गावात लोकांना पोट धरून हसवतो आणि दुसऱ्या गावात गंभीर होतो. लिहिलेली पोथीसुद्धा कुणीतरी ऐकलेल्या अनेक सांगण्यांपैकी एकीला कागदावर थांबवून ठेवलेली असते.

नव्या कथा आजही तयार होतात का?

होतात, आणि कधी कधी आपल्या डोळ्यांदेखत. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळात कोरलेली मोठमोठी चित्रं आहेत. कशेळीचा हत्ती एवढा मोठा की त्याच्या अंगात माशांपासून वाघांपर्यंत कितीतरी प्राणी कोरले आहेत. 2022 पासून ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ती कुणी कोरली त्यांची नावं, भाषा, देव, सगळं विसरलं गेलं. मोकळ्या जागेत नवी गोष्ट शिरतेच. पूर्वी गावकरी पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणायचे, आता मोबाइलवर परग्रहवासी आले आहेत. पांडवांची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती ज्यांनी जोडली त्यांनी त्या सड्यावर गुरं चारली होती. परग्रहवासी जोडणाऱ्याने बहुतेक वेळा ती जागा पाहिलेलीही नसते.

वेल्समधल्या त्या कुत्र्याच्या कबरीचंही असंच. गोष्ट जुनी आहे, पण कबरीचा दगड 18व्या शतकाच्या अखेरीला, प्रवासी येऊ लागले त्या काळात बसवला गेला असं मानतात. म्हणून मी मुलांना एक सवय लावतो आहे. "प्राचीन काळापासून" असं कुणी म्हटलं की विचारायचं, तुम्ही कुणाकडून ऐकलं? त्यांनी कुणाकडून? सगळ्यात जुनी लिहिलेली नोंद कधीची? विचारताना सूर मात्र जाणून घेणाऱ्याचा हवा. आजीला कोर्टात उभं केल्यासारखं विचारलं तर ती गप्प बसेल, आणि तिच्याबरोबर गोष्टही.

सांगायची वेळही लिहून ठेवायला सांगतो. उत्तर हिंदुस्थानात आज्या म्हणतात, दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. अमेरिकेतले नवाहो लोक कोल्ह्यासारख्या कायोटीच्या गोष्टी फक्त थंडीत सांगतात, पहिला गडगडाट झाला की बंद. गोष्ट कधी सांगायची नाही हे कळलं की ती त्या घरात काय करत होती तेही कळायला लागतं.

ती मुलगी आता दर रविवारी वही घेऊन येते. मधे मी तिला तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. वेतोबा चालताना मी पाहिलेला नाही, पण तो चालतो असं मानणारं गाव मी पाहिलं आहे, आणि रात्री त्या गावातून एकट्या जाणाऱ्या बाईला त्या वहाणांचा किती आधार असतो हेही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण काका, त्या शिवतं कोण? देवाच्या पायाचं माप त्यांना कसं कळतं?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पुढच्या रविवारी आम्ही वहाणा शिवणाऱ्या काकांच्या दुकानात जाणार आहोत. प्रश्न तिने लिहून काढले आहेत, नऊ झाले आहेत.